भ्रमणध्वनी आणि गावाची एकजूट

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद हे गाव वसले आहे. एका अंगास तापीखोऱ्याची सपाट काळी जमीन आणि दुसऱ्या अंगास डोंगरउतारावर विखुरलेले आदिवासींचे पाडे, अशी या परिसराची रचना आहे. येथील बाजारात अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी आणि मराठी अशा अनेक बोली एकाच वेळी कानी पडतात. अशा मुलखात चार-पाचशे माणसे एका दिवशी, एका ठिकाणी आणि एका कामासाठी जमवावयाची म्हणजे पूर्वी आठवडाभराची तयारी लागे. आज तेच काम खिशातील भ्रमणध्वनी, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला मोबाइल, काही मिनिटांत करून देतो.

या बदलाकडे केवळ सोयीच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. माणसे कशी जमतात, कोणाच्या शब्दावर जमतात आणि जमल्यावर काय करतात, यावर गावाचे सार्वजनिक जीवन उभे असते. ग्रामसभा, सहकारी संस्था, मोर्चा, श्रमदान, जत्रा आणि दुर्दैवाने दंगल, ही सारी माणसांच्या जमण्याचीच रूपे होत. जमण्याचे साधन बदलले की या सर्वांचे स्वरूप बदलते. ते कसे बदलले आणि पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी त्याबाबत काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पायवाटेने येणारा निरोप

या भागात सामुदायिक चळवळीची परंपरा मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी सोमवारच्या आरतीची प्रथा सुरू केली. दारू सोडावी, स्वच्छ राहावे आणि एकमेकांस ‘आप’ म्हणून मानाने संबोधावे, ही त्यांची शिकवण होती. १९३८ साली त्यांचे निधन झाले. पुढे रामदास महाराजांनी हे कार्य चालविले. या आरतीस डोंगरातून आणि सपाटीवरून हजारो आदिवासी येत. त्या काळी ना तार, ना दूरध्वनी. बाजारहाट, सोयरीक आणि पायवाट हीच निरोपाची साधने होती.

त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, ३० जानेवारी १९७२ रोजी, शहादा येथे भूमुक्ती परिषद भरली. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी आणि त्यांच्यावरील अन्याय हे त्या काळचे प्रश्न होते. अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते भजनांच्या द्वारे लोकांपर्यंत पोहोचत. पुढे श्रमिक संघटनेच्या काळात भिल्ल स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूबंदीची मोहीम चालविली. एका गावच्या स्त्रिया दुसऱ्या गावी जात आणि तेथील स्त्रियांना बरोबर घेऊन पुढे निघत.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानी घेण्याजोगे आहे. निरोप आणणारा मनुष्य समोर उभा असे. तो कोणाचा कोण, त्याने यापूर्वी किती वेळा खरे सांगितले, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. त्यास उलट प्रश्न विचारता येत. शिवाय निरोप मिळणे आणि प्रत्यक्ष जमणे यांत दोन-चार दिवस जात. त्या अवधीत घरात, ओट्यावर, शेतात बोलणे होई, वडीलधारी मंडळी मत देत, उतावळेपणा ओसरे. निरोपाची गती मंद होती हे खरे. परंतु त्या मंदपणातच खऱ्याखोट्याची पारख आपोआप होत असे.

साधन बदलले, म्हणजे काय बदलले?

आपल्या देशात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू हे कोलकात्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. प्रारंभी हे साधन श्रीमंतांचे होते. येणाऱ्या संभाषणासही पैसे पडत. २००३ साली येणारे संभाषण विनामूल्य झाले आणि मोबाइल हमाल, रिक्षाचालक व शेतमजूर यांच्या हाती आला. २०१६ नंतर इंटरनेटचे दर एकदम खाली आले, तेव्हा आवाजाबरोबर चित्र आणि चित्रफीतही खेड्यात पोहोचली.

या प्रवासात तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे निरोप पाठविण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. एकास सांगावयाचे किंवा हजारास, श्रम सारखेच. दुसरी म्हणजे निरोप आणि कृती यांमधील अवधी संपला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे निरोपाचा मूळ कर्ता दिसेनासा झाला. समोरच्या पडद्यावर नाव असते ते आपल्या मेहुण्याचे किंवा मित्राचे. परंतु मजकूर त्याचा नसतो. त्याने तो दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून घेतलेला असतो. विश्वास आपण मेहुण्यावर ठेवतो आणि तो विश्वास नकळत एका अनोळखी माणसास मिळतो.

अफवा ही काही मोबाइलने जन्मास घातलेली नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा मोबाइल सेवा सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ती वार्ता साध्या दूरध्वनीवरून आणि तोंडोतोंडी फिरली. तथापि त्या दिवशी माणसे देवळात जमली, रांगेत उभी राहिली आणि घरी गेली. वार्ता भयाची असेल आणि साधन अधिक वेगवान असेल तर काय होते, हे पुढे दिसून आले. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या आणि बंगळूर, पुणे आदी शहरांतून ईशान्य भारतातील हजारो विद्यार्थी व कामगार घाबरून रेल्वेने गावी निघाले. त्या वेळी केंद्र सरकारला एकाच वेळी अनेकांना संदेश पाठविण्यावर पंधरा दिवसांची मर्यादा घालावी लागली.

एकजुटीची उजळ बाजू

जानेवारी २००१ मध्ये फिलिपाइन्सच्या राजधानीत लाखो नागरिक लघुसंदेशांच्या साहाय्याने रस्त्यावर आले आणि अध्यक्ष एस्ट्राडा यांना सत्ता सोडावी लागली. मोबाइलमुळे घडलेल्या सामुदायिक कृतीचे उदाहरण म्हणून अभ्यासक या घटनेकडे बोट दाखवितात. मात्र आपल्याकडील उदाहरणे कमी बोलकी नाहीत.

९ ऑगस्ट २०१६ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथून मराठा समाजाच्या मूक मोर्चांची मालिका सुरू झाली. मोर्चात घोषणा नसाव्यात, स्त्रिया पुढे असाव्यात, मागे कचरा राहू नये, अशा सूचना मोबाइलवरून जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचल्या आणि पाळल्याही गेल्या. १ जून २०१७ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथून शेतकऱ्यांच्या संपाची हाक राज्यभर गेली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, ज्यांत वनजमीन कसणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते, सहा दिवस पायी चालून मुंबईस पोहोचले. डोक्यावर सौरपट्टी बांधून मोबाइल भारित करीत चालणाऱ्या एका शेतकऱ्याचे छायाचित्र त्या वेळी गाजले होते. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून या मोर्चेकऱ्यांनी मुंबईतील अखेरचा टप्पा रात्रीच चालून पार केला, ही गोष्ट अधिक लक्षणीय आहे. वेगवान साधन हाती असूनही संयम राखता येतो, याचा तो पुरावा होय.

अर्थव्यवहारातही हेच दिसते. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल आला तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी गिऱ्हाईक न मिळाल्याने फेकून द्यावी लागणारी मासळी त्यानंतर जवळजवळ वाया जाईनाशी झाली. मच्छीमारांचा नफा वाढला आणि ग्राहकांस भावही किंचित कमी पडला. शहादा परिसरातील पपई उत्पादकांस हे उदाहरण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पपई नाशवंत. दराविषयी व्यापाऱ्यांशी बोलणी चालू असताना तोड थांबवावयाची ठरली, तर तो निर्णय एकाच दिवशी सर्व शिवारांत पोहोचला तरच परिणामकारक होतो.

चोर-दरोडेखोर, आग, पूर, बिबट्या अशा संकटांत सर्व गावास एका वेळी सावध करणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा राज्यातील अनेक गावांनी स्वीकारली आहे. एका ग्रामस्थाने ठरलेल्या क्रमांकावर संदेश नोंदविला की तो त्याच्याच आवाजात नोंदणीकृत सर्व मोबाइलवर ऐकू जातो. संदेश कोणाचा आहे हे येथे लपत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होय.

राईनपाडा : एका दिवसाचा धडा

आता दुसरी बाजू पाहू. १ जुलै २०१८, रविवार. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण भिक्षेसाठी तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्यापूर्वी काही आठवडे मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. त्यांतील एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असा संशय घेऊन जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने इतके मारले की ते सर्व मृत्यू पावले. ते मुले पळविणारे नव्हते.

ज्या इमारतीत गावाने न्यायाने कारभार करावयाचा, त्याच इमारतीत हे घडले, ही गोष्ट प्रत्येक पंचायत सदस्याने मनाशी कोरून ठेवावी अशी आहे. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कापून ती पसरविण्यात आली होती. एका देशातील पालकांना सावध करण्यासाठी बनलेले चित्र दुसऱ्या देशात निरपराधांवरील संशयास खतपाणी घालणारे ठरले.

त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबातील पाच जणांना जमावाने घेरले. त्यांत दोन वर्षांचे मूल होते. परंतु तेथे एका रहिवाशाने त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. दोन्ही ठिकाणी अफवा तीच, साधन तेच, दिवसही तोच. मालेगावात मात्र जमाव आणि संशयित यांच्यामध्ये कोणीतरी वेळेवर उभे राहिले. पाच जीव वाचले ते त्या मधल्या अंतरामुळे. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवांच्या वातावरणात दोन साधू व त्यांचा वाहनचालक असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले, तेव्हा हा धडा पुरता शिकला गेला नसल्याचे स्पष्ट झाले.

राईनपाड्यानंतर याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला. तरीही त्या वेळी एका गटात २५६ सभासद असू शकत. म्हणजे पाच गटांत टाकलेला संदेश एका क्षणात बाराशेंहून अधिक माणसांपर्यंत जाऊ शके. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक करण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनास फाशी किंवा जन्मठेप अशी स्वतंत्र तरतूद आहे. हे सर्व उपाय आवश्यकच आहेत. तथापि कंपनीची मर्यादा आणि कायद्याचे कलम बाजाराच्या चौकात त्या क्षणी उपस्थित नसते. तेथे उपस्थित असतो तो गावकरी.

आणखी एक विचार या जिल्ह्याने विशेषेकरून करावयास हवा. दरवर्षी येथील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. तेथे ती परकी असतात. त्यांची बोली वेगळी, वेष वेगळा. राईनपाड्यास आलेले भिक्षेकरी जसे अनोळखी होते, तसेच आपले बांधव दुसऱ्या कोणाच्या गावात अनोळखी असतात. अनोळखी माणसाशी आपण कसे वागतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्याच माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आवाजाचे सामर्थ्य आणि न पोहोचलेली माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. छापील परिपत्रक येथे अनेकांपर्यंत पोहोचत नाही. परंतु मोबाइलवर बोललेला निरोप अक्षरओळख नसणाऱ्यासही समजतो आणि तो भिलोरीत किंवा पावरीत देता येतो. छत्तीसगढमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने साध्या मोबाइलवरून गोंडी भाषकांना आपली गाऱ्हाणी सांगण्याची आणि इतरांची ऐकण्याची सोय करून दिली. बोलीचा असा वापर आपल्या पाड्यांतही उपयुक्त ठरेल.

मात्र मोबाइल म्हणजे सर्व गाव, असे समजणे चुकीचे होईल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. घरातील मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत तर मनोऱ्याच्या लहरी पोहोचण्याचीच अडचण पडते. तेव्हा ज्या एकजुटीत स्त्रिया, वृद्ध आणि दूरचे पाडे नाहीत, ती गावाची एकजूट म्हणता येणार नाही.

काय करता येईल?

पूर्वी निरोपाच्या मंदपणामुळे विचारास अवधी मिळत असे. आता तो अवधी आपण बुद्ध्या निर्माण केला पाहिजे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी प्रत्येक ग्रामपंचायतीस करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट : गावाचा अधिकृत मोबाइल गट असावा आणि त्यावर सूचना देण्याचा अधिकार सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील व मुख्याध्यापक अशा मोजक्या व्यक्तींना असावा. प्रत्येक सूचनेत देणाऱ्याचे नाव, दिनांक आणि वेळ असावी. शक्य तेथे ती बोलीभाषेत, आवाजात असावी.

दुसरी गोष्ट : मोबाइलवरील चर्चा ही ग्रामसभा नव्हे. ग्रामसभेची सूचना नियमानुसार फलकावर लागली पाहिजे, दवंडीही दिली गेली पाहिजे आणि निर्णय समोरासमोर बसूनच झाला पाहिजे. म्हसावदसारख्या, अनुसूचित क्षेत्रालगतच्या किंवा त्यातील गावांत हे अधिकच महत्त्वाचे आहे. कारण १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस जे अधिकार दिले ते सभेस दिले, संदेशांच्या गटास नव्हेत. मोबाइलने माणसे सभेस बोलवावीत; सभेची जागा घेऊ नये.

तिसरी गोष्ट : गावात अनोळखी व्यक्तीबद्दल संशय आल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. तिला सुरक्षित ठिकाणी बसवावे, पोलीस पाटलांना बोलवावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. पोलीस येईपर्यंत तिच्या जीविताची जबाबदारी गावाची, असा ठराव ग्रामसभेने करावा आणि त्या वेळी दारात उभे राहणाऱ्या चार जबाबदार स्त्री-पुरुषांची नावेही ठरवून ठेवावीत. भटक्या समाजातील बांधव दरवर्षी ज्या काळात येतात, त्यापूर्वी याची आठवण करून द्यावी.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. सातवी-आठवीच्या वर्गात कानगोष्टींचा खेळ घ्यावा. पहिल्या मुलाच्या कानात सांगितलेले वाक्य शेवटच्या मुलापर्यंत कसे बदलते, हे मुले हसत हसत पाहतील. त्यानंतर आलेल्या प्रत्येक संदेशास चार प्रश्न विचारावयास शिकवावे : हे प्रथम कोणी सांगितले? कोठले आहे? केव्हाचे आहे? खरे की खोटे हे कोणास विचारता येईल? मुले हे प्रश्न घरी नेतील आणि वडिलांनाही विचारतील.

पाचवी गोष्ट अधिकाऱ्यांसाठी. अफवा तेथेच वाढते जेथे खरी माहिती उशिरा पोहोचते. घटना घडल्यावर पहिल्या तासात तहसीलदार किंवा ठाणे अंमलदार यांचा स्पष्ट, नावानिशी खुलासा गावांपर्यंत गेला तर निम्मे काम होते. इंटरनेट बंद करणे हा अखेरचा उपाय होय. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते अनिश्चित काळासाठी असू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजीच्या निर्णयात स्पष्ट केले आहे. शिवाय इंटरनेट बंद पडले की अफवेबरोबर खुलासाही अडतो.

समारोप

सोमवारच्या आरतीस पायी येणाऱ्या आदिवासींची आणि मोबाइलवरील हाकेस ओ देणाऱ्या आजच्या तरुणांची एकजुटीची ओढ एकच आहे. साधन बदलले म्हणून ती ओढ वाईट ठरत नाही, आणि साधन वेगवान आहे म्हणून ती आपोआप चांगलीही होत नाही. चांगल्या कामासाठी जमलेल्या माणसांना आपण कशासाठी जमलो आणि कोणाच्या शब्दावर जमलो हे ठाऊक असते. राईनपाड्याच्या जमावास ते ठाऊक नव्हते.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय प्रत्येक ग्रामपंचायतीने अवश्य घ्यावा. अधिकृत गट कोणी चालवावयाचा, दवंडी कोणी द्यावयाची आणि संकटाच्या वेळी दारात कोण उभे राहावयाचे, एवढे तीन निर्णय झाले तरी पुरेसे आहे. त्यास पैसा लागत नाही, शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. एका सायंकाळी गावाने एकत्र बसावे लागते, इतकेच.